ठाण्यातून लघुग्रह निरीक्षण: नववीच्या मुलांचा प्रकल्प कसा आखावा?

तारकादर्शी | ९ जून, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

घोडबंदर रस्त्यावरच्या एका शाळेतली नववीची आठ मुलं यंदा लघुग्रहांवर संशोधन प्रकल्प करणार आहेत. जुलै ते जानेवारी एवढा वेळ आहे, अहवाल जानेवारीअखेर द्यायचा आहे. हाताशी असलेलं सामान असं: ८ इंची डॉब्सोनियन (हाताने फिरवायची) दुर्बीण (नाभीय अंतर १२०० मिमी), २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी डीएसएलआर, किट लेन्स, २०० मिमी एफ/२.८ लेन्स, एक विंडोज लॅपटॉप. मोटरचं माउंट नाही. निरीक्षणाला शाळेची चार मजली गच्ची, आणि पालकांनी होकार दिला तर एक-दोन रात्री वांगणी.

मुलांचा उत्साह दांडगा आहे. नवा लघुग्रह शोधायचा आणि त्याला शाळेचं नाव द्यायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलंय. त्यांचा हिरमोड न करता खरंखुरं संशोधन व्हावं, मोजमाप त्यांच्या हातून व्हावं, ही इच्छा. इंटरनेटवरून मिळणाऱ्या प्रतिमांवर काम करावं की स्वतः आकाशाकडे बघावं? आणि ठाण्याच्या आकाशातून नेमकं काय जमेल?

ऐरोलीकर | ९ जून, रात्री १०:०५

सर, डोळे झाकून शोधमोहिमेत नाव नोंदवा. इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन नावाचा उपक्रम शाळांसाठी आहे, पैसे लागत नाहीत, एकेक मोहीम साधारण महिनाभर चालते. हवाईतल्या हालेआकालावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या (आरसा १.८ मीटर) प्रतिमा येतात. आकाशाचा एकच तुकडा काही मिनिटांच्या अंतराने टिपलेल्या चार प्रतिमा असा एक संच. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडायच्या, आळीपाळीने लुकलुकवायच्या, आणि तारे जागच्या जागी असताना जो ठिपका सरळ रेषेत सरकतो तो पकडायचा.

पावसाळ्यात आकाश दिसणार नाही, पण हे काम वर्गात बसून होतं. सुरुवात यानेच करा.

प्रकाशवक्र | ९ जून, रात्री १०:४८

ऐरोलीकर, सरावाला हे उत्तमच. प्रकल्प म्हणून मात्र मन घेत नाही. दुर्बीण कुठे रोखायची, एक्स्पोजर किती द्यायचं, प्रश्न कोणता विचारायचा, हे सगळं आधीच दुसऱ्या कुणी ठरवलेलं असतं. मुलांच्या वाट्याला उरते ती ठिपके शोधण्याची पाळी.

आणि शोधाच्या शर्यतीचं आजचं चित्रही त्यांना सांगायला हवं. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिल्या प्रतिमा दाखवल्या, तेव्हा सुमारे १० तासांच्या निरीक्षणांत २१०४ नवे लघुग्रह मिळाले होते. त्या आरशाचा व्यास ८.४ मीटर. शोध मोठ्या दुर्बिणी लावतीलच. एखादा लघुग्रह स्वतःभोवती किती वेळात फिरतो, आपल्यापासून किती लांब आहे, हे मात्र ठाण्याच्या गच्चीवरून मोजता येतं. ते मोजमाप मुलांचं स्वतःचं असेल.

मृगशीर्ष | ९ जून, रात्री ११:२०

वाचनखूण साठवली. नवी मुंबईतल्या मुलांसाठीही हेच लागणार आहे.

ऐरोलीकर | १० जून, सकाळी ७:५५

प्रकाशवक्र, "ठिपके शोधण्याची पाळी" हे पटलं नाही. ठिपका लघुग्रहाचाच आहे हे सिद्ध करणं हीच खरी परीक्षा असते. चार कसोट्या लावायच्या: चारही प्रतिमांत वेग तोच आणि दिशा तीच, तेजस्विता जवळपास सारखी, ठिपक्याची रुंदी शेजारच्या ताऱ्यांएवढी, आणि सिग्नल-नॉइज गुणोत्तर (ठिपक्याचा प्रकाश पार्श्वभूमीच्या गोंधळाच्या किती पट आहे ते) ५ च्या वर. खराब पिक्सेल एका प्रतिमेत झळकतो आणि पुढच्या प्रतिमेत उडी मारतो. त्याची रुंदीही एक-दोन पिक्सेलच असते, त्यावरून तो लगेच ओळखता येतो. तीन प्रतिमांत आहे पण चौथ्यात नाही, असं दिसलं तर चौथ्यात तो कॅमेऱ्याच्या चिपांमधल्या काळ्या फटीत गेलाय का, किंवा एखाद्या ताऱ्याखाली लपलाय का, ते बघायचं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जुन्या यादीमुळे. लघुग्रहांच्या कक्षांची फाइल ताजी करून घेतली नाही, तर माहीत असलेला लघुग्रहही नवा वाटतो. मुलं नाचायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी तोंडं उतरतात. दर बैठकीला आधी ती फाइल ताजी करा.

शब्दवेल्हाळ | १० जून, दुपारी १:३०

थोडं अवांतर. मुलांना नावाची हौस आहे म्हणून त्याची रीत सांगते. सापडलेल्या लघुग्रहाला आधी तात्पुरतं नामांकन मिळतं. पुढच्या अनेक प्रतियुतींमध्ये (सूर्य आणि लघुग्रह यांच्या मधे पृथ्वी येते तेव्हा) तो पुन्हा पुन्हा दिसला, कक्षा पक्की झाली, की त्याला कायमचा क्रमांक मिळतो. यात वर्षं जातात. क्रमांक मिळाला की शोधकाला नाव सुचवायला १० वर्षांची मुदत असते. नाव १६ अक्षरांच्या आत, उच्चारता येईल असं, शक्यतो एकाच शब्दाचं. व्यापारी नावं चालत नाहीत. राजकीय किंवा लष्करी व्यक्तीचं नाव तिच्या निधनानंतर १०० वर्षांनीच देता येतं.

भारतातून लागलेल्या शोधांची गोष्टही मुलांना जरूर सांगा. नॉर्मन पॉगसन यांनी मद्रासच्या वेधशाळेतून १७ एप्रिल १८६१ रोजी ६७ क्रमांकाचा लघुग्रह शोधला, त्याचं नाव "एशिया". पुढे १८६६ मध्ये त्यांनीच "सिल्विया" शोधला. त्याला दोन चंद्र आहेत हे कळायला २००५ साल उजाडलं. हेच ते पॉगसन, ज्यांनी १८५६ मध्ये ताऱ्यांच्या प्रतींचं (तेजाच्या पायऱ्यांचं) गणिती प्रमाण मांडलं: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट. मुलं प्रकल्पभर ज्या पट्टीने तेज मोजणार आहेत ती याच माणसाची. नंतर १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या कावलूरहून राजमोहन यांनी शोधलेल्या ४१३० क्रमांकाच्या लघुग्रहाला रामानुजन हे नाव मिळालं.

तारकादर्शी | १० जून, संध्याकाळी ६:४०

शब्दवेल्हाळ ताई, पॉगसनची ही जोडी माहीत नव्हती. पहिल्याच तासाला सांगतो.

ऐरोलीकर आणि प्रकाशवक्र, दोघांचंही म्हणणं पटतंय. आता सामानाबद्दल बोलूया. डॉब्सोनियनला कॅमेरा लावून काही होईल का?

बोल्टवाला | १० जून, रात्री ८:१५

नाही होणार. १२०० मिमीला तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.६४ विकलांचा पडतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. म्हणजे एका सेकंदाच्या फोटोतही तारा २३ पिक्सेलची रेघ होणार. शिवाय बऱ्याच डॉब्सोनियनमध्ये फोकसर इतका आत जात नाही की कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रतिमा स्पष्ट व्हावी. डॉब डोळ्यांनी बघण्यासाठी ठेवा.

तुमचं खरं हत्यार ती २०० मिमी लेन्स आहे. ३.७२ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर ३.८४ विकला प्रति पिक्सेल, आणि एका चौकटीत साधारण ६.४ बाय ४.३ अंश आकाश. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या सुमाराला दिवसाला पाव अंशाच्या आसपास सरकतो, म्हणजे तुमच्या फोटोत २३० पिक्सेलच्या घरात. एका रात्रीत फरक दिसतो.

लागतो फक्त ट्रॅकर, म्हणजे आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं साधन, आणि तो मुलांनी स्वतः करावा. १८ मिमी प्लायच्या दोन फळ्या, अंदाजे ३०० बाय १०० मिमी, एका टोकाला बिजागरीने जोडलेल्या. दुसऱ्या बाजूला एम-६ चा बोल्ट, ज्याच्या आट्यांमधलं अंतर १ मिमी असतं, आणि तो मिनिटाला एक फेरा फिरवणारी गिअर मोटर. बिजागरीच्या खिळीच्या मध्यापासून बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर २२८.६ मिमी. हा आकडा पृथ्वीच्या फेऱ्यातून येतो: १४३६ मिनिटं भागिले २π. मुलांना तो स्वतः काढू द्या. एम-८ चा बोल्ट घेतलात (आटे १.२५ मिमी) तर अंतर २८५.७ होईल आणि फळी लांब लागेल.

कुठे बिघडतं ते आता. अंतर २ मिमी चुकलं की वेगात जवळपास एक टक्का चूक, ३० सेकंदांत एक पिक्सेल. एवढं चालतं, ५ मिमी चुकलं तर चालत नाही. बिजागरी खिळखिळी असेल तर कॅमेऱ्याच्या वजनाने फळी तिरकी होते. दोन लहान बिजागऱ्यांपेक्षा पूर्ण रुंदीची पियानो बिजागरी घ्या. साधी डीसी मोटर घेऊ नका, सेल उतरला की वेग उतरतो. स्टेपर मोटर आणि ती चालवायला आर्डुइनो सर्किट बोर्ड, नाहीतर २३० व्होल्टची सिंक्रोनस मोटर. दोन्ही लॅमिंग्टन रोडला मिळतात. गच्चीवर दवात २३० व्होल्टची वायर मुलांच्या हातात नको, म्हणून स्टेपरच बरी. आणि मोटर उलटी फिरली तर तारे स्थिर व्हायच्या ऐवजी रेघा दुप्पट लांब होतात. तसं दिसलं की पहिला संशय दिशेवर.

खाडीकिनारा | १० जून, रात्री ९:३०

बोल्टवाले दादा, बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे कसा रोखायचा तेही सांगा ना. ठाण्यात ध्रुवतारा १९ अंशांवर. समोर टॉवर असला की संपलं, आणि टॉवर नसला तर धुरकं असतं.

बोल्टवाला | १० जून, रात्री १०:१०

बरोबर आहे, ध्रुवतारा दिसेलच याचा भरवसा धरू नये. होकायंत्रावरही विसंबू नका. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत मुंबई परिसरात एक अंशाहून कमी फरक आहे, पण गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया सुईला कुठेही ओढतात.

दिवसाच उत्तर रेषा आखून ठेवा. ठाणे ७३ अंश पूर्व रेखांशावर, आपली घड्याळं ८२.५ अंशांवर, त्यामुळे सूर्य इथे सरासरी १२:३८ ला मध्यावर येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कालसमीकरणामुळे (घड्याळ आणि सूर्य यांच्या वेळेतल्या फरकामुळे) हीच वेळ १२:२२ होते. त्या मिनिटाला ओळंब्याची सावली गच्चीवर पडते ती खरी उत्तर-दक्षिण रेषा. ऑइलपेंटने आखून टाका, वर्षभर कामी येते. वेळ एक मिनिट चुकली तर दिशा ०.४ अंश चुकते, आणि एवढ्या चुकीने ३० सेकंदांत पिक्सेलभरही तारा घसरत नाही. उंचीसाठी १९.२ अंशांचा लाकडी पाचर कापून घ्या, फळी थेट त्यावर बसवा.

आपल्या अक्षांशाला अक्ष जवळजवळ आडवा पडतो. कॅमेऱ्याचं वजन बोल्टवर नीट टेकलेलं हवं, नाहीतर फळी उचलली जाते. एक रबरबँड किंवा हलकी स्प्रिंग लावा.

रात्रपाळी | ११ जून, सकाळी १०:०५

गच्चीबद्दल काही. काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतं. त्यामुळे पहिल्या दोन तासांचे फोटो हलल्यासारखे येतात. ट्रायपॉड लिफ्टच्या मशीनरूमपासून आणि पाण्याच्या पंपापासून लांब ठेवा, लिफ्ट सुरू झाली की तारे शिंकल्यासारखे दिसतात. खाडीकडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरतं. फोटोतले तारे हळूहळू मंद होत गेले आणि आकाश मात्र तसंच उजळ राहिलं, तर दव समजा. लेन्सभोवती ५ व्होल्टची तापपट्टी गुंडाळून पॉवर बँकेला जोडा. कापडाने पुसू नका, परत धरतं.

प्रकाश-प्रदूषणाचे फिल्टर विकत घेऊ नका. एलईडी दिव्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्याला ते फारसं अडवत नाहीत, आणि ताऱ्यांचे रंग बिघडवून तेजमापन मात्र बिघडवतात. शाळेसमोरच्या पथदिव्याची तिरीप चौकटीत येत असेल तर पुठ्ठ्याचा आडोसा करा, बिनखर्चात काम होतं.

चांदोबा | ११ जून, सकाळी ११:४०

येऊरला गेलं तर? आकाश बरं असेल ना तिकडे.

रात्रपाळी | ११ जून, दुपारी १२:०२

येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं. रात्री शाळेच्या मुलांना घेऊन जायची जागा नाही ती. बिबट्याची दृष्टी आपल्या ८ इंची दुर्बिणीपेक्षा चांगली आहे. :) वांगणी बरी. मैदानाच्या मालकाची परवानगी, मुलींसोबत शिक्षिका, प्रत्येक पालकाचं लेखी संमतिपत्र, जवळच्या डॉक्टरांचा नंबर, आणि परतीला पहाटेची लोकल. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वांगणीला होत आले आहेत, मुलांना आधी एका कार्यक्रमाला नेलंत तर जागेचा अंदाज येईल. बदलापूरचा उजेड आता वायव्येला बराच चढतो, त्यामुळे पश्चिमेकडचे लघुग्रह निवडू नका.

प्रकाशवक्र | ११ जून, रात्री ९:००

आता मूळ मुद्दा, प्रश्न कोणता निवडायचा. माझं मत प्रकाशवक्राला, म्हणजे तेज वेळेनुसार कसं बदलतं त्याच्या आलेखाला. बहुतेक लघुग्रह ओबडधोबड असतात. स्वतःभोवती फिरताना कधी रुंद बाजू दिसते, कधी अरुंद, त्यामुळे तेज कमीजास्त होतं. एका फेऱ्यात सहसा दोन चढ आणि दोन उतार. नासाचं डार्ट यान २६ सप्टेंबर २०२२ ला डिडिमोसभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळलं, आणि त्याचा कक्षाकाळ अर्ध्या तासाहून जास्त कमी झाला हे जमिनीवरच्या दुर्बिणींनी अशाच तेजाच्या आलेखावरून ओळखलं. मुलांना हे सांगा, त्यांना आपल्या आलेखाची किंमत कळेल.

निवडीची अट अशी: प्रतियुती ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, तेज साडेनवव्या प्रतीहून उजळ, आणि तेजातला चढउतार ०.३ प्रतीपेक्षा जास्त. व्हेस्टा सगळ्यात तेजस्वी, पण तिचा चढउतार ०.१ च्या आसपास. नवशिक्याच्या चुकांत तो बुडून जातो. सेरेसचा तर ०.०४. युनोमिया (१५) चा फेरा ६.०८ तासांचा, चढउतार चांगला, पण त्यात एक खोच आहे. चार फेरे म्हणजे २४.३ तास. दुसऱ्या रात्री त्याच वेळी बघितलंत तर जवळजवळ तीच बाजू समोर येते, फक्त २० मिनिटांचा फरक. एकाच रात्री सलग सहा तास न थांबता फोटो घ्यावे लागतील. लेटिशिया (३९) चा फेरा ५.१४ तासांचा, २४ तासांत ४.६७ फेरे, त्यामुळे रोज तीन-चार तास बघितलं तरी तीन रात्रींत सगळ्या बाजू दिसून जातात. कोणता लघुग्रह यंदा केव्हा प्रतियुतीला आहे ते जेपीएल होरायझन्सवर (नासाची ग्रह-लघुग्रहांच्या जागा सांगणारी ऑनलाइन सेवा) ठाण्याचे अक्षांश-रेखांश टाकून बघा. चढउतार आपण त्याच्याकडे कुठल्या बाजूने बघतो त्यावर ठरतो, म्हणून लेटिशियाही एखाद्या वर्षी फारशी बदलत नाही. आधीच्या वर्षांचे आलेख तपासूनच ठरवा.

आणखी एक. डिसेंबरअखेर प्रतियुतीचे लघुग्रह वृषभ-मिथुनात असतात, तिथून आकाशगंगा जाते. ताऱ्यांची गर्दी असते, लघुग्रह एखाद्या ताऱ्यावर चढला की तेवढा तास वाया. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे मीन-मेषेत असतात, आकाश मोकळं.

खाडीकिनारा | ११ जून, रात्री ९:४५

कॅमेऱ्याची सेटिंग सांगाल?

प्रकाशवक्र | ११ जून, रात्री १०:२०

रॉ फाइल, आयएसओ ४००, एफ/४, ३० सेकंद. नॉइज रिडक्शन बंद, लेन्स करेक्शन बंद. फोकस नेमका करू नका, किंचित सोडा, म्हणजे तारा ३ ते ४ पिक्सेल रुंद पडेल. नेमका केला तर ताऱ्याचा सगळा प्रकाश एकाच लाल किंवा निळ्या पिक्सेलमध्ये पडतो, आणि ट्रॅकर जरा हलला की तेज खोटं बदलतं. मोजायला फक्त हिरवा रंग घ्या. सर्वात तेजस्वी तुलना-ताऱ्याचा आकडा १०,००० च्या खाली ठेवा (१४ बिटांची कमाल १६,३८३ असते), त्याच्या वर कॅमेरा सरळ वागत नाही.

दर रात्री २० डार्क, झाकण लावून त्याच एक्स्पोजरला. आणि २० फ्लॅट, लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून संध्याकाळच्या आकाशाकडे. फ्लॅट टाळले तर चौकटीच्या कोपऱ्याकडे सरकणारा लघुग्रह उगाच मंद होत गेल्यासारखा दिसतो, आणि मुलं त्याला फेरा समजतात. दहा-दहा फोटो एकत्र करून एक बिंदू. त्याहून जास्त नको, तेवढ्यात लघुग्रह पिक्सेलभर सरकलेला असतो. तुलनेला सूर्यासारख्या रंगाचे तीन-चार तारे. बिंदूची अनिश्चितता साधारण १.०९ भागिले सिग्नल-नॉइज गुणोत्तर: गुणोत्तर ५० असेल तर ०.०२ प्रत. मापन टायको ट्रॅकर किंवा एएसटीएपी या सॉफ्टवेअरमध्ये.

गणितकाकू | १२ जून, सकाळी ८:३०

प्रकाशवक्र यांच्याशी आदरपूर्वक मतभेद. आलेखातून फेऱ्याचा काळ काढायची फुरिए विश्लेषणाची रीत नववीच्या मुलांना काळी पेटी वाटेल, सॉफ्टवेअर आकडा देईल आणि मुलं तो लिहून घेतील. त्यांना त्रिकोण येतो. मग अंतरच मोजा.

ठाणे-नागपूर असे दोन जागांवरून फोटो घेऊन पराशय (जागा बदलली की लघुग्रह ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेला दिसतो तो कोन) मोजायची कल्पना सगळ्यांना सुचते, पण ते अंतर अपुरं आहे. १.२ खगोलीय एककांवरच्या (पृथ्वी-सूर्य अंतराच्या १.२ पट लांबच्या) व्हेस्टासाठी तो पराशय एका विकलेलाही पोचत नाही. त्यापेक्षा पृथ्वीलाच आपल्याला हलवू द्या. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांनी एकोणिसाव्या शतकात हीच रीत मंगळासाठी वापरली, आणि पुढे इरिस, व्हिक्टोरिया, सॅफो या लघुग्रहांच्या पराशयावरून सूर्याचं अंतर काढलं.

प्रतियुतीच्या दिवसांत लघुग्रह साडेबाराच्या सुमाराला डोक्यावर येतो. त्याच्या चार तास आधी, रात्री साडेआठ-पावणेनऊला, २० फोटो. चार तास नंतर, पहाटे साडेचारच्या पुढे, २० फोटो. या आठ तासांत ठाणे पृथ्वीच्या पोटात सरळ रेषेत मोजलं तर १०,४०० किलोमीटर सरकलेलं असतं. १.२ एककांवरच्या लघुग्रहाची जागा त्यामुळे १२ विकलांनी बदलते. तुमच्या लेन्सला ते तीन पिक्सेल. वीस फोटोंच्या सरासरीने जागा पाव विकलेपर्यंत मिळू शकते. पुरेसं आहे.

अडचण अशी की लघुग्रह स्वतःही त्या वेळात पाच कला (कला म्हणजे ६० विकला) चालून जातो, म्हणजे पराशयाच्या पंचवीस पट. म्हणून दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा फोटो घ्यायचे, आदल्या वेळेच्या चार मिनिटं आधी, म्हणजे आकाश त्याच जागी असेल. दोन संध्याकाळच्या जागा जोडणारी रेषा काढा. त्या रेषेवर पहाटेची जागा कुठे यायला हवी होती आणि ती प्रत्यक्षात किती पश्चिमेला आली, तो फरक हाच पराशय. तीन संध्याकाळी आणि दोन पहाटा मिळाल्या तर रेषेचा वाकही काढता येतो. इथे चढउतार नको असल्याने व्हेस्टा किंवा सेरेस चालते. आणि शेवटी आलेलं अंतर होरायझन्सच्या आकड्याशी पडताळता येतं, म्हणजे आपली चूक किती ते मुलांना स्वतःला कळतं.

मृगशीर्ष | १२ जून, सकाळी ९:१५

काकू, हे फारच सुंदर आहे. आठवीच्या भूमितीत बसतंय.

प्रकाशवक्र | १२ जून, दुपारी २:१०

मान्य. नववीसाठी काकूंचा प्रश्न जास्त चांगला. एकच भर: पहाटेचे फोटो ही अवघड बाजू. धुकं किंवा दव आलं की सगळी रात्र जाते. सलग दोन रात्री मिळाव्यात म्हणून प्रतियुतीच्या आसपासचे निदान दहा दिवस राखून ठेवा, पौर्णिमेच्या आगेमागचे चार-पाच दिवस वगळून. आणि दिवाळीचे दिवसही वगळा, फटाक्यांचा धूर खाली बसत नाही.

ऐरोलीकर | १२ जून, दुपारी ३:००

वेळेबद्दल सांगायचं राहिलं. अहवाल इथेच जास्त फसतात. नोंद नेहमी जागतिक वेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. १५ तारखेच्या पहाटे ३ वाजता जागतिक तारीख १४ असते, २१:३०. मुलं पहाटेच्या फोटोंवर १५ लिहितात आणि लघुग्रह एक दिवस पुढे पळतो, काकूंच्या गणितात तर सगळंच कोसळेल. वेळ एक्स्पोजरच्या मध्याची लिहा, सुरुवातीची नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ दर रात्री फोनच्या वेळेशी जुळवा, आणि पहिला फोटो फोनच्या सेकंदकाट्याचाच घ्या. मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाला दहा सेकंदांची चूक म्हणजे ०.१ विकला, ती खपते. पृथ्वीजवळून झपाट्याने जाणाऱ्या लघुग्रहाला नाही खपत.

जागा काढायला फोटो आधी एएसटीएपीमध्ये ताऱ्यांशी जुळवा. जुळत नसेल तर दहातल्या नऊ वेळा नाभीय अंतर किंवा पिक्सेलचा आकार चुकीचा भरलेला असतो.

तारकादर्शी | १३ जून, रात्री ९:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांशी बोललो. आराखडा असा ठरतोय.

जुलै-ऑगस्ट: ऐरोलीकर म्हणतात तशी एका शोधमोहिमेत नोंदणी, चार कसोट्यांचा सराव. चार मुलं ट्रॅकर करतील, चार मुलं गणिताचा कागदी सराव. सप्टेंबर: होरायझन्सवरून उमेदवारांची यादी, गच्चीवर उत्तर रेषा. ऑक्टोबर ते डिसेंबर: काकूंच्या रीतीने अंतर, निदान दोन प्रयत्न. डॉबमधून दर रात्री लघुग्रहाचं हाताने रेखाटन, म्हणजे तो डोळ्यांनीही पाहिलेला असेल. वांगणीची एक रात्र जमली आणि यंदाचा उमेदवार चांगला निघाला, तर लेटिशियाचा आलेख जोडीला.

नावाची गोष्ट मुलांनी स्वतःच बाजूला ठेवली. पॉगसनचं ऐकून एक मुलगी म्हणाली, एशिया यंदा दिसते का ते आधी बघू.

एक शंका उरली. पावसाळ्यात ट्रॅकर नीट चालतोय की नाही, ते कसं तपासायचं? ढगांतून पाच मिनिटंही फट मिळत नाही.

गणितकाकू | १३ जून, रात्री १०:०२

त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. एशिया फार तेजस्वी नाही, पण प्रश्न अगदी योग्य विचारलाय.

बोल्टवाला | १३ जून, रात्री १०:३०

एक मिनिटाची फट पुरते. ऑगस्टमध्ये रात्री दहाच्या सुमाराला श्रवण तारा वर असतो. मोटर बंद ठेवून ३० सेकंदांचा एक फोटो: ताऱ्याची रेघ ११६ पिक्सेल लांब यायला हवी. तेवढी आली तर लेन्सचं आणि पिक्सेलचं गणित बरोबर. लगेच मोटर सुरू करून दुसरा फोटो: रेघ चार पिक्सेलच्या आत. वीसच्या आसपास आली तर अक्ष बराच चुकलाय किंवा बिजागरी-बोल्टचं अंतर चुकलंय, आणि २३० च्या आसपास आली तर मोटर उलटी.

ढग हटलेच नाहीत तर घरात तपासा. फळीवर लेझर पॉइंटर बांधा, बरोबर ५ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा, बीम भिंतीला आणि बिजागरीच्या अक्षाला काटकोनात ठेवून. दहा मिनिटांत ठिपका २१९ मिमी सरकायला हवा. लेझर डोळ्यांच्या पातळीला नको, आणि भिंतीवर आलेख-कागद चिकटवा.